कलशात मावेल तेवढं

जळगाव जामोदच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मी तांब्याचा कलश मागितला, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "पूजेचा पाह्यजे का अस्थीचा?" मी म्हणालो, अस्थीचा. त्यानं फळीवरून वीतभर उंचीचा एक कलश काढला, हाताची मूठ जेमतेम आत जाईल असा. बोटानं टिचकी मारून त्याचा आवाज मला ऐकवला आणि म्हणाला, "एका मानसाले पुरते." चाळीस वर्षं हा धंदा करणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी कलश घेतला.

माझा मोठा भाऊ दिनकर, आमचा दादा, खामगावच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडला. आधी काही वर्षं आखातात होता, मग ग्रीसमधल्या सिरोस नावाच्या बेटावर जहाजदुरुस्तीच्या गोदीत लागला. दोन वर्षांतून एकदा यायचा. साथीच्या काळात विमानं बंद असताना तो तिथेच गेला. हृदय थांबलं, असं कागदावर लिहिलेलं होतं. बेटावर दहनाची सोय नाही, म्हणून त्याला पुरलं. इकडे भटजींनी दर्भाचा पुतळा करायला सांगितला. तो आम्ही विधिपूर्वक जाळला, वहिनीच्या बांगड्या उतरल्या, तेरवीचं जेवण झालं. माय तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. ती एवढंच म्हणाली, "गवताचा बाहुला जाळला तुमी. माहा पोरगा कुठी हाय?"

मग यंदा हिवाळ्यात सिरोसच्या नगरपालिकेचं पत्र आलं. ग्रीसमध्ये थडग्याची जागा कायमची नसते. ठरावीक वर्षं झाली की थडगं उघडून हाडं काढतात, धुतात, डब्यात घालून अस्थिघरात ठेवतात आणि ती जागा पुढच्या माणसाला देतात. दादाची मुदत संपली होती, वाढवून दिलेली मुदतही संपली होती. अमुक दिवशी नातेवाईक हजर राहिले नाहीत तर हाडं सामाईक खड्ड्यात जातील, असं पत्रात अतिशय नम्रपणे लिहिलेलं होतं.

वहिनीनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "मी येते," ती म्हणाली. आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत. दर्भाचा पुतळा जळताना ती घरात बसून होती. पण या वेळी तिला अडवायला कोणी पुढे आलं नाही, मीही नाही. निघताना मायनं माझा हात धरला. "मधू, त्याले आख्खा घेऊन ये."

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर ग्रीसला चाललो हे कळल्यावर ओळखीच्यांनी मोबाइलवर एक पोस्टर फिरवलं. त्यात माझा फोटो, शेजारी निळ्या घुमटाचं देऊळ आणि खाली 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. तो घुमट दुसऱ्याच बेटावरचा होता. मी सगळ्यांना धन्यवाद लिहिले. लोकांनी मनापासून केलं होतं, आणि आम्ही कशासाठी चाललो आहोत त्याचं पोस्टर होत नाही.

एर्मूपोली

सिरोसच्या मुख्य गावाचं नाव एर्मूपोली, म्हणजे हर्मीस देवाचं नगर. हर्मीस हा व्यापाऱ्यांचा देव, वाटसरूंचा देव, आणि मेलेल्या माणसांना पलीकडे नेऊन पोचवणाराही तोच. दोनशे वर्षांपूर्वी शेजारच्या बेटांवरून कत्तलीतून जीव वाचवून आलेल्या लोकांनी हे गाव वसवलं. नाव ठेवताना त्यांच्या मनात व्यापार होता असं सांगतात. मला वाटतं, त्यांना देवाची तिन्ही खाती माहीत असावीत.

बोटीतून गाव दिसतं ते दोन टेकड्यांवर. एका टेकडीच्या माथ्यावर कॅथलिकांचं देऊळ, दुसरीवर ऑर्थोडॉक्सांचं, आणि खाली गोदी, तिच्या क्रेन, लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज. वहिनीनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला होता आणि तो तिला मानवला नव्हता. चार तास ती प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून बसली होती. धक्क्यावर पाय टेकल्यावर तिनं आधी चूळ भरली, मग तो आवाज ऐकला.

"इथंच होते का ते?"

"हो."

"फोनवर हाच आवाज यायचा मागून," ती म्हणाली. "मी म्हनायची, जरा बाजूले होऊन बोला."

गावात संगमरवर इतका की फुटपाथही त्याचाच. नगरपालिकेची इमारत पाहून मी थांबलोच. एवढ्याशा गावाला एवढा थोरला राजवाडा, पुढे चढताना दम लागेल असा जिना, वर खांब. श्रीमंतीच्या काळात बांधलेला. नंतर श्रीमंती दुसऱ्या बंदराला गेली आणि इमारत इथेच राहिली. आमचं काम त्या जिन्यावर नव्हतंच. बाजूच्या दारानं, तळमजल्यावर, टेबलपंख्याखाली बसलेल्या बाईंकडे होतं. त्यांनी कागद पाहिले, शिक्के मारले, आणि इंग्रजीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, थडगं शनिवारी सकाळी उघडणार. दोन, उघडल्यावर मातीचं काम झालेलं नसेल तर पुन्हा झाकावं लागेल आणि दोन वर्षांनी परत यावं लागेल.

मी हे वहिनीला सांगितलं. तिनं विचारलं, "कायचं काम?"

"हाडं मोकळी व्हायचं," मी म्हणालो. तिला समजलं. "मंग दोन वर्षानं मी यीन," ती म्हणाली. "पन मायले कोन थांबवून ठेवन?"

कीरिया मारिया

दफनभूमी टेकडीच्या पायथ्याशी आहे. पुढच्या भागात जुन्या जहाजमालकांची थडगी. त्यांवर रडणाऱ्या संगमरवरी पऱ्या, सिंह, एकावर तर अख्खं जहाज शिडांसकट. मालकांचे वारस आता कुठे असतात कोणास ठाऊक. पऱ्यांच्या नाकावर काजळी होती. गोदीतली माणसं मागच्या भिंतीपाशी असतात.

आम्हाला वाटलं होतं दादाचं थडगं शोधावं लागेल, गवत उपटावं लागेल. तिथे गवत नव्हतं. काचेच्या छोट्या पेटीत तेलाचा दिवा होता, वात ताजी होती. आणि शेजारच्या थडग्याचा दगड काळ्या कपड्यातली एक म्हातारी फडक्यानं पुसत होती.

तिचं नाव मारिया. तिथे बाईला मानानं कीरिया म्हणतात, जसं आपण बाई म्हणतो. तरुणपणी ती बारा वर्षं ऑस्ट्रेलियात राहून आलेली, त्यामुळे तिच्याशी इंग्रजीत बोलता आलं. तिचा नवरा स्ताथिस गोदीचा चौकीदार. तो आणि दादा रोज सुटीनंतर चौकीपाशी बसून सोंगट्या खेळायचे. एकाच हिवाळ्यात, तीन आठवड्यांच्या अंतरानं दोघे गेले. शेजारीशेजारी जागा मिळाली.

"दर शनिवारी, आणि मधेही आले की, मी स्ताथिसचा दिवा लावते," ती म्हणाली. "आलेच आहे तर दिनोसचाही लावते. त्याचं कोण येणार होतं?"

दिनोस म्हणजे आमचा दिनकर. मी वहिनीला सांगितलं. इतकी वर्षं दर शनिवारी. वहिनीनं पदर खोचला, मारियाच्या हातातलं फडकं घेतलं आणि स्ताथिसच्या थडग्याचा उरलेला अर्धा दगड पुसून काढला.

त्यानंतर माझं फारसं काम राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मारियाकडे जेवायला होतो. पिवळ्या डाळीचं घट्ट घोटलेलं वरण, वर कच्चा कांदा आणि तेल. वहिनीनं चव घेतली. "बाप्पा, हे तं आपलं वरनच हाय. फोडनी द्याची राह्यली." मारियाला मी भाषांतर करून सांगणार तोवर ती चुलीशी पोचली होती आणि वहिनी तिला खुणेनं लसूण मागत होती. त्या घरात त्या दिवशी वरणाला फोडणी बसली. मारियानं दोनदा घेतलं.

डेलोस

शनिवारला दोन दिवस होते. वहिनी मारियाकडे थांबली. समुद्राचं नाव काढू नका म्हणाली. मी मिकोनोसला बोट बदलून डेलोसला गेलो. लहानसं, उघडंबोडकं बेट. अपोलो देवाचा जन्म इथला, अशी जुन्या ग्रीकांची श्रद्धा. संगमरवरी सिंहांची रांग, कोरड्या तळ्यात एक ताडासारखं झाड, दगडादगडावर पाली. आमच्याबरोबर मोठ्या जहाजातून उतरलेला एक घोळका होता. त्यांचा मार्गदर्शक छत्री उंच धरून सांगत होता की पाश्चात्त्य संस्कृतीचा सूर्य इथे उगवला. घोळका सावली शोधत होता.

मला तिथे दुसरीच गोष्ट भेटली. एके काळी अथेन्सच्या लोकांना हे बेट देवासाठी शुद्ध करायचं होतं. त्यांनी बेटावरची सगळी थडगी उकरली, हाडं समोरच्या रेनिया बेटावर नेऊन एका खड्ड्यात टाकली, आणि हुकूम काढला की यापुढे डेलोसवर कोणी जन्मायचं नाही आणि मरायचं नाही. दिवस भरलेल्या बायकांना आणि शेवटचे श्वास घेणाऱ्यांना होडीत घालून पलीकडे न्यायचे. दोन्ही बेटांमध्ये अरुंद पट्टा आहे पाण्याचा. मी काठावर उभा राहून पलीकडे पाहिलं. रेनिया ओसाड दिसतं. देवाचा मात्र जन्म इथलाच. त्याला कोणी पलीकडे नेलं नाही.

संध्याकाळी वहिनीला सांगितलं. ती मारियाच्या ओट्यावर गहू निवडत होती.

"म्हंजे सोयर-सुतक," ती लगेच म्हणाली. "देवाले दोन्हीचा इटाळ."

"तसंच."

"मंग जल्मायचं नाही, मरायचं नाही, तं लोकं तिथं करत काय होते?"

"धंदा. मोठं बंदर होतं. माणसंही विकायचे."

"त्याचा इटाळ नव्हता?"

"नसावा."

तिनं गव्हातला खडा उचलून फेकला. "ज्यायचे हाडं उकरले त्यायच्या घरचे काय म्हनले असतील, हे लिवलंय का कुठी?"

मी एवढी वर्षं पुस्तकांत काढली, पण हा प्रश्न मला डेलोसवर पडला नव्हता. नाही, म्हणालो, माझ्या वाचनात तरी नाही.

निवडलेला गहू मारियानं शिजवला आणि त्यात साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे घातले. तिथे मेलेल्यांच्या नावानं हे वाटतात. वहिनीनं ते पाहून मला विचारलं, "घुगऱ्या?" आपल्याकडे घुगऱ्या बारशाला वाटतात. इथे दुसऱ्या टोकाला.

शनिवार

सकाळी आठला आम्ही पोचलो. खणणारा माणूस निकोस, पन्नाशीचा, अबोल. नगरपालिकेच्या बाई टाचणवही घेऊन आल्या होत्या. मी चप्पल काढून पुढे झालो. सावडायला घरचा पुरुष लागतो, हे मला लहानपणापासून माहीत. मारियानं माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे सारलं. इथे हाडं बायका काढतात, बायका धुतात. पुरुषांनी बाजूला उभं राहायचं.

"काय म्हनते?" वहिनीनं विचारलं.

"तुम्ही करायचं म्हणते. मी नाही."

वहिनीनं चपला काढून माझ्या चपलांशेजारी ठेवल्या.

निकोसनं दगड सरकवला, वरची माती काढली. मग फावडं बाजूला ठेवून तो खुरप्यानं खणू लागला. फळीचे कुजके तुकडे आले. त्यानं खाली वाकून पाहिलं, मारियाकडे पाहिलं आणि मान हलवली. मला ती मान हो की नाही ते कळेना. ग्रीक लोक नाही म्हणताना मान वर उडवतात, हे मला दोनच दिवसांपूर्वी समजलं होतं. त्यानं ती खाली झुकवली होती. मातीचं काम झालं होतं.

तरी वहिनी हलली नाही. "पाय पाहा म्हना," ती म्हणाली. "डावा."

दादा तरुणपणी ट्रॅक्टरवरून पडला होता. अकोल्याला त्याच्या डाव्या नडगीत पट्टी बसवली होती, सहा स्क्रूंची. इतक्या वर्षांत हिच्या मनात ही एक शंका होती आणि तिनं ती कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. तिनं त्याला पाहिलं नव्हतं. कागद आला होता, फोन आला होता, गवताचा बाहुला जळला होता. मी निकोसला सांगितलं. त्यानं हातानं माती सारली. पट्टी होती. वहिनीनं खाली बसून बोटानं स्क्रू मोजले.

"सहा," ती म्हणाली. "हेच हायत."

ती तिथेच जमिनीवर बसून रडली. मारिया तिच्याजवळ बसली. निकोसनं टोपी काढली. बाईंनी टाचणवही मिटली.

मग एकेक हाड वर आलं. स्वच्छ, पिवळसर. हाडं अशी निघाली की माणूस चांगला होता म्हणतात, मारियानं सांगितलं. त्या उतारावर पाण्याचा निचरा चांगला असणार, असं माझ्या मनात आलं. ते मी मनातच ठेवलं. तिनं परातीत पाणी घेतलं, त्यात लाल वाईनची बाटली ओतणार तोच वहिनीनं तिचा हात धरला.

"नाही. त्यायनं जल्मात थेंब घेतला नाही."

मी भाषांतर केलं. मारिया थांबली. माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "शनिवारी एक ग्लास. स्ताथिसबरोबर. एकच."

हे भाषांतरित करावं का, असा विचार मी केला. वहिनी म्हणाली, "सांगा भाऊजी. तोंडावरून समजून राह्यलं."

मी सांगितलं.

"मले सांगतलं असतं तं मी काय खाल्लं असतं का त्यायले?" मग तिनं मारियाचा हात सोडला. "टाक माय. आता कोनापासून लपवाचं."

दोघींनी हाडं धुतली, पांढऱ्या कापडावर उन्हात मांडली. मी पिशवीतून तांबडं फडकं सोडून कलश काढला. आणि तेव्हा मला दिसलं. आम्ही सगळेच, माय, वहिनी, मी, चाळीस वर्षं धंदा केलेला तो दुकानदार, जळालेल्या माणसाचा हिशेब धरून बसलो होतो. सावडलेला माणूस वीतभर कलशात मावतो. हा जळाला नव्हता. याच्या मांडीचं एक हाड कलशाच्या दुप्पट होतं.

मी कलश हातात धरून उभा राहिलो. बाईंनी पत्र्याचा डबा दाखवला, मांडीच्या हाडाच्या मापानं बनवलेला, अस्थिघरातल्या फळीवर ठेवायचा. तो देशाबाहेर न्यायचा तर आणखी कागद, राजधानीतून, महिनाभराचे. आमचं विमान मंगळवारी होतं.

"मायनं आख्खा आनाले सांगतला," मी म्हणालो.

वहिनीनं कलश माझ्या हातातून घेतला. तिनं उजव्या हाताची हाडं निवडली, बोटांची एकेक. गळ्याजवळचं एक. मग नडगीवरून निखळलेली पट्टी, सहाही स्क्रू. "हे अकोल्याचं हाय," ती म्हणाली, "हे वापस न्या लागन." पट्टी तिरपी करावी लागली, पण बसली. उरलेलं तिनं आणि मारियानं पत्र्याच्या डब्यात ठेवलं. कवटी सर्वांत वर. बाईंनी कलशापुरता कागद तिथेच लिहून दिला. मारियानं डब्यावर नाव घातलं. तिनं ग्रीक अक्षरांत दिनोस लिहिलं, त्याखाली मी मराठीत दिनकर. अस्थिघरात तिनं तो एका रिकाम्या जागेशेजारी ठेवला. ती जागा स्ताथिससाठी धरलेली होती. मारियानं त्याची मुदत पुन्हा वाढवून घेतली होती, ती पुढच्या वर्षी संपते.

घरी

माय ओसरीवर बसून होती. वहिनीनं कलश तिच्या मांडीवर ठेवला. मायनं तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

"एवढासाच?"

मी तोंड उघडलं, पण वहिनी आधी बोलली. "हात आनला त्यायचा, उजवा. आन् पायाची पट्टी. बाकीचे तिकडं हायत, माय. एकटे नाहीत."

मायनं फडकं सोडलं, कलश कलता करून पट्टी बाहेर घेतली. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही. तिनंही बोटानं स्क्रू मोजले. मग ती पट्टी तिनं परत आत ठेवली आणि फडक्याची गाठ स्वतः बांधली. गवताच्या बाहुल्याबद्दल ती त्यानंतर बोलली नाही.

भटजी म्हणाले, विधी एकदा झालेला आहे, माणसाचा दुसऱ्यांदा होत नाही. आम्ही त्यांना त्रास दिला नाही. पूर्णेच्या पाण्यात वहिनीनं कलश रिता केला, मी बाजूला उभा राहिलो.

आता दर शनिवारी देवळीत वहिनी दिवा लावते. पहिल्याच शनिवारी मायनं विचारलं, "दोन काऊन लावले? हा दुसरा कोनाचा?"

"शेजाऱ्याचा," वहिनी म्हणाली.

मायनं हात लांब करून दुसऱ्या दिव्याची वात पुढे सारली.